पाहुणे फोटो काढायला येतात तेव्हा : तिथी बघून आखलेली दोन दिवसांची सहल



मागच्या प्रभागसंघाच्या बैठकीत किनाऱ्यावरच्या तीन-चार गटांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. घरगुती निवास आणि जेवणाची सोय आपण सुरू केली, पाहुणे येऊ लागले. पण आता काहीजण फोन करून म्हणतात, "आम्हाला देवळं वगैरे नकोत, बोटिंग नको, फक्त समुद्राचे आणि खाडीचे फोटो काढायचेत. एक रात्र राहू. कधी येऊ?" यावर आपल्यातल्या बहुतेकजणी सांगतात, "कधीपण या हो, घर आपलंच आहे."

हे उत्तर मायेचं आहे, पण धंद्याचं नाही. समजा तो माणूस अष्टमीला आला. दुपारी बाराला सुकती, तेव्हा डोक्यावर ऊन आणि डोळे दिपवणारी चमक. संध्याकाळी ऊन सोनेरी होतं तेव्हा खडप पाण्याखाली. त्याला मिळाला एक सूर्यास्त, जो त्याला मुंबईच्या चौपाटीवरही मिळाला असता. तो पैसे देऊन जातो, पण परत येत नाही, आणि आपल्या मित्रांनाही पाठवत नाही. तोच माणूस सहा दिवसांनी आला असता तर त्याने चार दिवस राहायची गोष्ट केली असती.

फरक फक्त तिथीचा. आणि तिथीचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी चांगला येतो. मी देशावरची. समुद्र मला इथे कामाला आल्यावर तुमच्याकडूनच कळला. कालवं काढायला जाणाऱ्या एका काकींना मी विचारलं होतं, "उद्या किती वाजता जायचं?" तर त्यांनी घड्याळाकडे बघितलंच नाही. "उद्या तिथी खंयची?" एवढंच उलट विचारलं. ही जी तुमची सवयीची माहिती आहे, तिला आपण आजवर कधी किंमत लावली नाही. फोटोवाल्या पाहुण्याला नेमकी तीच हवी असते.

पाऊणपटीचा हिशेब

पुस्तकात ओहोटी म्हणतात, आपण सुकती म्हणतो. दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन सुकत्या. भरतीपासून सुकतीपर्यंत सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं. म्हणून रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण ते एक तास पुढे सरकते. त्यावरून जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, आली ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हीच वेळ सकाळी आणि हीच जवळपास रात्री. सुकती काढायची तर त्यात सहा तास मिळवा.

हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. कॅलेंडरवर तिथी दिवसाच्या मध्येच बदलते, तेव्हा सूर्योदयाची तिथी धरा. पाहुण्यांना वेळ सांगण्याआधी मोबाईलवर भरती-ओहोटीचं कोष्टक एकदा पडताळून घ्या. मात्र ठिकाण मालवण किंवा वेंगुर्ला निवडा, मुंबई नको. मुंबईची वेळ वेगळी आणि पाण्याची उंचीही वेगळी. तिकडे उधाणात पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, आपल्याकडे साधारण दोन ते अडीच मीटर.

उधाण आणि भांग तुम्हाला माहीतच आहे. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी खूप वर येतं आणि खूप खालीही जातं. अष्टमीच्या सुमाराला दोघं आडव्या दिशांनी ओढतात, म्हणून भांग, पाणी थोडंच हलतं.

आता हे दोन हिशेब एकत्र ठेवून बघा. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती दुपारी आणि मध्यरात्री येते. म्हणजे सुकती कधी? पहाटे पाच आणि संध्याकाळी पाचच्या आसपास. सगळ्यात जास्त खडप उघडं पडतं ते नेमकं कोवळ्या उन्हाच्या वेळी! हे सगळ्या जगात असं नसतं, प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी. आपल्याला हे फुकट मिळालेलं आहे. आणि भांगाच्या दिवशी याच्या उलट: सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला खाडी भरलेली, पाणी फारसं ओढ न घेणारं, कांदळवनाचं प्रतिबिंब पडायला चांगलं.

म्हणजे आपल्याकडे एक नाही, दोन वेगळ्या सहली आहेत. खडप, वाळूवरच्या नक्ष्या, डबकी बघायची असतील तर त्रयोदशी ते प्रतिपदा. होडीतून संध्याकाळची खाडी हवी असेल तर अष्टमीच्या आगेमागे. शहरातले लोक शनिवार-रविवारीच येणार, तेव्हा वर्षाचं कॅलेंडर घेऊन बसा आणि ऑक्टोबर ते मे यातले जुळणारे शनिवार-रविवार लाल पेनाने गोल करून ठेवा. बहुतेक महिन्यांत एखादा तरी सापडतो. फोन आला की आपण तारीख विचारायची नाही, आपण तारीख सांगायची.

एक नमुना सहल

हिवाळ्यातला शनिवार धरू, तिथी चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे सुकती पावणेपाचच्या सुमाराला. पाहुण्यांना दुपारी जेवायला बोलवा. मासे-भात खाऊन ते आडवे होतील, होऊ द्या, पण साडेतीनला चहा देऊन उठवा. पावणेचारला खडपावर पोचायचं. पाणी अजून उतरत असतं आणि आपण त्याच्या मागोमाग पुढे जायचं. मालवणच्या रॉक गार्डनसारख्या खडकाळ जागी सुकतीला डबकी तयार होतात, त्यात बारीक मासे, खेकडे, समुद्रफुलं दिसतात. निवतीच्या बाजूला खडक आणि पुळण दोन्ही एकाच चौकटीत येतात. ओल्या वाळूवर बारके खेकडे गोळ्या करून टाकतात ना, आपण त्यावरून रोज चालत जातो. त्यासाठी लोक पोटावर आडवे होऊन अर्धा तास फोटो काढतात. हसू नका, त्यांना ते खरंच आवडतं.

पावणेसहाला सगळ्यांना बाहेरच्या खडकावरून आत आणा. सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो, तो कोरड्या वाळूवरून बघायचा. पाहुणे म्हणतील, "पाणी अजून कुठे आलंय?" तरीही आणा. कारण पुढे लिहिलं आहे.

रविवारी पौर्णिमा. सकाळी सव्वाअकराला भरती, पहाटे पाचला सुकती होऊन गेलेली. साडेसहाला किनाऱ्यावर जा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन माडांच्या मागून येतं आणि पाण्यावरच्या गोष्टी समोरून उजळतात. सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट मालवणच्या किनाऱ्यावरून बघायचा तर सकाळीच. संध्याकाळी त्याची फक्त काळी आकृती मिळते (तीही काहींना हवी असते, विचारून घ्या). रापण ओढत असतील तर नशीब. पण रापणवाल्यांना आधी विचारा, दोरीच्या मध्ये कुणाला उभं राहू देऊ नका, आणि दुपारच्या जेवणाची मासळी त्यांच्याकडूनच घ्या. नुसते फोटो काढून निघून जाणाऱ्यांचा त्यांना वैताग आलेला आहे आणि तो बरोबर आहे.

साडेआठला घावणे आणि चहा. नेहमीच्या पाहुण्यांना आपण आठला नाश्ता देतो, फोटोवाल्यांना तो फिरून आल्यावर लागतो. पहाटे फक्त चहा आणि बिस्किट पुरे.

नऊला खाडीत होडी. ही वेळ मुद्दाम आहे. पाणी चढत असताना खाडीत शिरायचं, म्हणजे अरुंद फाट्यात जाता येतं, आणि चुकून होडी गाळात बसली तरी अर्ध्या तासात पाणीच तिला उचलतं. सुकती लागल्यावर आत गेलो आणि अडकलो तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच डास मारत बसायचं. एक लक्षात ठेवा, खाडीच्या मुखाशी भरती झाली तरी आतल्या भागात ती उशिरा पोचते. किती उशिरा, हे प्रत्येक खाडीचं वेगळं, तुमच्या गावातल्या होडीवाल्याला विचारून वहीत लिहून ठेवा.

कांदळवनात काय दाखवायचं याची काळजी नको. तिवर, चिप्पी, कांदळ, झाडांची चिखलातून वर आलेली श्वासमुळं, खंड्या, बगळे. पांढरी चिप्पी २०२० पासून आपल्या राज्याचं कांदळवन वृक्ष आहे, हे सांगितलं की पाहुणे लगेच तिचा फोटो मागतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवन सफारी सुरू केली, त्या स्वतः होडी वल्हवतात. ज्या गटांना खाडीचं काम करायचं आहे त्यांनी एकदा तिकीट काढून ती सफारी पाहुणी म्हणून करून यावी. शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

साडेअकराला परत, साडेबाराला जेवण, दोनपर्यंत निरोप. चोवीस तासांत सहल पूर्ण.

पाणी कसं फसवतं

हा भाग गटात मोठ्याने वाचून दाखवा, नवीन सुनांना आणि मदतीला येणाऱ्या मुलांनाही.

भरती सहा तास सारख्या वेगाने येत नाही. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग येतो, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. शहरातला माणूस पहिला तास बघतो आणि त्याला वाटतं, असंच हळूहळू येणार आहे. कॅमेऱ्याला डोळा लावलेला असतो, मागे काय चाललंय ते कळत नाही.

दुसरं, पाणी समोरून येतं असं त्याला वाटतं. खडपात आणि वाळूच्या पट्ट्यावर तसं नसतं. मागची सखल घळ आधी भरते. माणूस उंच भागावर कोरडाच उभा असतो आणि परतीची वाट कमरेएवढ्या पाण्यात गेलेली असते. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी सुकतीला जो वाळूचा पट्टा वर येतो, तिथे तर नदी आणि समुद्र दोघांची ओढ आहे. सुकती लागली की ती ओढ सरळ बाहेर समुद्राकडे नेते. तिथे पोहायला द्यायचंच नाही, कुणी कितीही चांगला पोहणारा असो.

म्हणून नियम साधा ठेवा. पाणी उतरत असताना जायचं, फिरलं की एका तासाच्या आत बाहेरच्या खडकावरून आत यायचं. सहा पाहुण्यांमागे आपल्या दोघीजणी. एक पाहुण्यांबरोबर, दुसरी मागे परतीच्या वाटेवर उभी, तिचं काम फक्त पाण्याकडे बघणं. तिने शिट्टी वाजवली की चर्चा नाही, निघायचं. हे पाहुण्यांना साडेतीनच्या चहाबरोबरच सांगून टाका, खडपावर गेल्यावर नको. तिथे कुणी ऐकत नाही.

शेवाळावर चप्पल घसरते, मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट घालायला फोनवरच सांगा. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला लाईफ जॅकेट, आणि "मला पोहता येतं" म्हणणाऱ्या आपल्या बायकांनाही. प्रवासी होडीला मेरीटाईम बोर्डाची परवानगी आणि विमा आहे का ते बघितल्याशिवाय कुणाचीही होडी ठरवू नका, मग ती दिराची असली तरी. कोष्टकात वारा आणि लाटा नसतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते आदल्या दिवशी बघायचे. इशारा असेल तर खडप रद्द, त्याऐवजी खाडी किंवा गावातली फेरी. अडचणीत ११२, आणि समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४. हे दोन आकडे फोनमध्ये नको, शिट्टीच्या दोरीला कागद लॅमिनेट करून बांधा. फोन नेमका तेव्हाच भिजतो.

कशाचे फोटो, कुणाचे फोटो

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. डबक्यातल्या प्रवाळावर पाय द्यायचा नाही, तुकडाही उचलायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. चांगला फोटो यावा म्हणून दगड उलटा करून ठेवणारे भेटतात. दगड होता तसा परत ठेवायला लावा, त्याच्या खाली बिऱ्हाड असतं. वायंगणीसारख्या पुळणीवर कासवांच्या दिवसांत रात्री फ्लॅश बंद म्हणजे बंद. ड्रोन आणतो म्हणाले तर परवानगीचा कागद आधी मागा.

आणि आपले फोटो. कालवं फोडणाऱ्या, तिसऱ्या वेचणाऱ्या बाईचा फोटो या लोकांना फार हवा असतो. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात चिखलात, आणि कुणीतरी न विचारता समोर येऊन कॅमेरा रोखतो. माझं मत स्पष्ट आहे: विचारल्याशिवाय नाही, आणि नाही म्हटलं तर कारण द्यावं लागत नाही. सहलीत तिला दाखवायचं असेल तर ती त्या दिवशी कामावर आहे असं धरा आणि तिची मजुरी हिशेबात घाला.

हिशेबावरून आठवलं. गटांनी मला जे दरपत्रक दाखवलं त्यात तांदूळ, मासळी, गॅस, होडीचं डिझेल सगळं होतं. खडपावर उभ्या राहणाऱ्या दोघींचा वेळ नव्हता. वरच्या सहलीत शनिवारी साडेतीन ते साडेसहा तीन तास, रविवारी सकाळी दोन, खाडीत अडीच. एकीचे साडेसात, दोघींचे पंधरा तास. दोघींचा जवळजवळ एकेक पूर्ण दिवस गेला. स्वयंपाक करणाऱ्या वेगळ्या. हे दरात आलंच पाहिजे. "आम्ही काय, नुसत्या चालत तर गेलो," असं एक ताई म्हणाल्या. शहरात याच कामाला गाईड म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. दर जास्त वाटला तर पाहुणे घासाघीस करतील, तेव्हा मासळी कमी करा, वाटेवर उभी राहणारी दुसरी बाई कमी करू नका.

बुकिंगच्या वेळी अर्धे पैसे आगाऊ घ्या. आणि हवामानामुळे खडप रद्द झालं तर काय, हे व्हॉट्सअॅपवर लिहूनच पाठवा: पैसे परत नाहीत, पण पुढच्या लाल गोलातली तारीख मिळेल.

शेवटी, निघताना पाहुण्यांकडून दोन फोटो मागून घ्या, गटाला जाहिरातीसाठी वापरू द्याल का असं विचारून, आणि त्यांचा होकार मेसेजमध्ये लेखी घ्या. आपल्या मोबाईलनेही काढत चला. लेन्स पदराने नाही, चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसा, खाऱ्या हवेचा थर बसतो आणि सगळं धुरकट येतं. समुद्राची रेघ आडवी सरळ ठेवा. फोटोच्या नावात तारीख आणि तिथी दोन्ही लिहा. वर्षभराने कुठल्या तिथीला कुठलं खडप कसं दिसतं हे बघायला तेच लागणार आहे.

पुढच्या बैठकीला येताना किनाऱ्यावरच्या गटांनी कॅलेंडर आणि लाल पेन आणावा. तारखा सगळ्यांनी मिळून ठरवू, म्हणजे एकाच शनिवारी एकाच खडपावर तीन गटांचे पाहुणे उभे राहायला नकोत.